राखेच्या टेकड्या आणि दक्षिणेतील पहिले गोपाळ

बळ्ळारीहून होसपेटेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत कुडतिनी नावाचे एक गाव आहे. त्याच्या शिवारात करड्या-पांढुरक्या रंगाचे एक टेकाड प्रवाशाच्या दृष्टीस पडते. भोवतालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांशी त्याचे काहीच साम्य नाही. जवळ जाऊन पाहिले, तर पायाखाली दगड नसतो, मुरूम नसतो. असते ती राख. कोठे ती पिठासारखी मऊ, कोठे दाबून घट्ट झालेली, तर कोठे लोहाराच्या भट्टीतील किटाप्रमाणे वितळून, फुगून, काचेसारखी तकाकणारी. हाती घेतलेला ढेकूळ दिसतो मोठा, पण वजनाला इतका हलका की घेणाऱ्यास क्षणभर चमत्कार वाटावा.

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दुआबात, तसेच त्याच्या दक्षिणेस आणि उत्तरेस, रायचूर, बळ्ळारी, गुलबर्गा, महबूबनगर या जुन्या जिल्ह्यांच्या मुलुखात अशी टेकाडे शंभरांहून अधिक आढळली आहेत. काही अगदी ठेंगणी आहेत, तर काही दोन-तीन पुरुष उंचीची. एवढी राख आली कोठून, हा प्रश्न तेथील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पडलेला होता आणि त्याचे उत्तर त्यांनी आपल्या परीने दिलेलेही होते. हंपीजवळच्या निंबापूरचे टेकाड म्हणजे वालीच्या दहनाची रक्षा, असे तेथील लोक सांगतात. किष्किंधा याच परिसरात मानली जात असल्यामुळे ही कथा तेथे रुजणे साहजिकच होय. अन्यत्र ही राख राक्षसांच्या हाडांची ठरली. एवढा प्रचंड ढीग सामान्य मनुष्याच्या चितेचा असणे शक्य नाही, हा त्यामागील तर्क काही चुकीचा म्हणता येणार नाही.

विद्वानांचे तर्क याहून फारसे निराळे होते असे नाही. कॅप्टन न्यूबोल्ड या अभ्यासू अधिकाऱ्याने १८४३ साली या टेकाडांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून त्यांचा प्रश्न शास्त्रीय चर्चेत आला. पुढे विजयनगरच्या इतिहासामुळे आपल्याकडे सुपरिचित झालेले रॉबर्ट सेवेल यांनी १८९९ साली असे सुचविले की, विजयनगरच्या काळात ज्या मोठाल्या चिता पेटल्या आणि ज्यांत स्त्रिया सती गेल्या, त्यांचे हे अवशेष असावेत. इतर कोणी येथे धातू गाळण्याच्या भट्ट्या होत्या असे म्हणाले, कोणी चुन्याच्या व विटांच्या भट्ट्यांची आठवण काढली, तर कोणी ज्वालामुखीकडे बोट दाखविले. सेवेल यांच्यासारख्या इतिहासकाराला ज्या साम्राज्याचा ध्यास होता, त्याच साम्राज्याची छाया त्यांना राखेतही दिसली, यात नवल नाही. संशोधकांचे असे पुष्कळदा होते.

या गोंधळात एका मनुष्याचे म्हणणे सरळ आणि बरोबर होते. रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूस्तर खात्यात १८५८ साली नोकरीस लागले. मद्रासजवळच्या पल्लावरम येथे १८६३ साली सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारामुळे त्यांचे नाव भारतीय पुरातत्त्वात कायमचे राहिले आहे. बळ्ळारी भागात भूस्तरांची पाहणी करीत असता त्यांना राखेच्या टेकाडांत गुळगुळीत घासलेल्या दगडी कुऱ्हाडी, हातांनी घडविलेल्या खापरांचे तुकडे आणि गुरांची हाडे मिळाली. तेव्हा ही टेकाडे विजयनगरच्या काळातली नसून नवाश्मयुगातली आहेत, म्हणजे माणसास लोखंड ठाऊक होण्यापूर्वीची आहेत, हे त्यांनी ओळखले. इतकेच नव्हे, तर ही राख गुरांच्या शेणाची आहे, असेही त्यांनी प्रतिपादन केले. आफ्रिकेतील पशुपालक लोक काटेरी कुंपण घालून आत गुरे कोंडतात, तेथे शेणाचे थर साचतात आणि ते पेटले म्हणजे असेच अवशेष मागे उरतात, हा दाखला त्यांच्यापुढे होता.

फूट यांचे म्हणणे मान्य होण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. शेणाच्या राखेचा काचेसारखा रस होतो, हे पुष्कळांना पटेना. वस्तुतः ज्या घरात चुलीला गोवऱ्या लागत, त्या घरातील कोणाही वृद्धेस शेणाच्या राखेची ओळख विचारली असती, तर तिने ती सांगितली असती. फक्त ती राख वितळण्याइतका प्रखर आणि दीर्घ अग्नी तिने कधी पाहिलेला नसे. गवतात वाळूचा, म्हणजे सिलिकेचा, अंश असतो. तो गुरांच्या पोटातून शेणात उतरतो. शेणातील क्षारांशी त्याचा संयोग होऊन खूप उष्णता मिळाली की त्याचा वितळून रस होतो आणि थंड झाल्यावर तोच काचेसारखा घट्ट बनतो. लंडन येथील प्रागैतिहासिक शास्त्राचे अभ्यासक झॉयनर यांनी १९५० नंतरच्या दशकात ही राख तपासून ती शेणापासूनच झाली, असा निर्वाळा दिला. फूट १९१२ साली वारले होते. त्यांच्या मताचा हा विजय पाहण्यास ते राहिले नव्हते.

राखेचे मूळ समजले, तरी तेथे वावरणारी माणसे अद्याप दृष्टीस पडली नव्हती. ते काम १९५७ साली रेमंड ऑल्चिन यांनी केले. तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातील उतनूर येथील टेकाड त्यांनी थराथराने उकलले. राखेखाली लाकडी खांब रोवलेले खड्डे ओळीने मिळाले. ते मोठ्या गोठणाच्या कुंपणाचे होते. हे कुंपण एकदाच बांधलेले नव्हते. ते जळाले होते, पुन्हा उभारले होते, पुन्हा जळाले होते. आणि एके ठिकाणी तर प्रत्यक्ष गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले सापडले. ओलसर राखेतून किंवा चिखलातून एखादे खिल्लार चालत गेले, वर नवा थर पडला आणि ते ठसे तसेच झाकून राहिले. इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकातील, म्हणजे आजपासून चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोणा एका दिवसाची ही खूण आहे. राजांच्या शिलालेखांत जे क्वचितच आढळते, ते या मुक्या जनावरांनी लिहून ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही.

ऑल्चिन यांनी १९६३ साली दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन गोपालकांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून या लोकांना इतिहासात एक जागा मिळाली. परंतु त्यांची गुरे कोणती, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. युरोपातल्या सपाट पाठीच्या गायी आणि आपल्याकडील वशिंडाच्या गायी या एकाच रानटी पूर्वजाच्या अलीकडे फुटलेल्या शाखा आहेत, असे पूर्वी समजत असत. जनुकशास्त्राच्या कसोटीवर ते टिकले नाही. या दोन वंशांची फारकत काही लक्ष वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे माणसाने गाय पाळण्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा वशिंडाच्या गुरांना माणसाळविण्याचे कार्य भारतीय उपखंडात स्वतंत्रपणे घडले, हे उघड होय. बोलन खिंडीच्या पायथ्याशी, बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे १९७४ पासून फ्रेंच संशोधकांनी जे उत्खनन केले, त्यात या घडामोडीचा पुरावा मिळाला. तेथील अगदी खालच्या थरांत, इ. स. पूर्व ७००० च्या सुमारास, हरणांसारख्या रानटी प्राण्यांची हाडे विपुल आहेत. वरच्या थरांत जावे तसतशी ती कमी होत जातात आणि गुरांची वाढतात. शिवाय गुरांचा आकारही लहान होत जातो. आणि पाळीव होत जाणाऱ्या जनावरांच्या बाबतीत तसे बहुधा घडतेच. वशिंड, गळ्याची लोंबती पोळी आणि ऊन सोसण्याची ताकद घेऊन हा वंश शतकानुशतके दक्षिणेकडे सरकत आला. मेहेरगढहून तुंगभद्रेपर्यंत पोहोचावयास त्याला चार हजार वर्षांच्या आसपास लागली, असे दिसते.

दुआबाचा हा प्रदेश पावसाने कंजूष आहे. मोसमी वारे घाटांवर आपला भार टाकून येथवर पोहोचतात, तेव्हा त्यांत उरते थोडेच. ग्रॅनाइटच्या टेकड्या, मधूनमधून काळ्या मातीच्या पट्ट्या, पावसाळ्यानंतर काही महिने गवत आणि मग दीर्घ उन्हाळा. अशा मुलुखात धान्यावर सर्वस्वी भिस्त ठेवणे धोक्याचे. परंतु गुरांना पाय असतात. जेथे गवत आणि पाणी असेल तेथे त्यांना नेता येते, आणि दुष्काळात पीक करपले तरी खिल्लाराचा काही भाग वाचतो. याचा अर्थ हे लोक शेती करीत नव्हते, असा नव्हे. त्यांच्या वसाहतींच्या मातीतून जळलेले दाणे पाण्याने धुऊन वेगळे काढण्यात आले आहेत. त्यांत हुलगा आहे, मूग आहे आणि बारीक तृणधान्ये आहेत. ही सारी दक्षिणेच्या कोरड्या हवामानात येणारी पावसाळी पिके होत. महाराष्ट्रातील वाचकाला हुलग्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. ज्या ताटात आज कुळथाचे पिठले पडते, त्या ताटाचे मूळ इतके मागे जाते, एवढेच लक्षात घ्यावे.

ऑल्चिन यांची कल्पना अशी होती की, ही टेकाडे म्हणजे गुराख्यांचे हंगामी तळ असून, मूळ गावे टेकड्यांवर दुसरीकडे होती. ही कल्पना पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी तपासून पाहिली. सुरपूर तालुक्यातील बुदिहाळ येथे १९८९ सालापासून अनेक हंगाम त्यांनी उत्खनन केले. तेथे राखेच्या टेकाडालगतच घरांचे अवशेष मिळाले. गुरांच्या वाड्यालगत शेण गोळा करून टाकण्याची जागा होती आणि काही थरांत न जळलेले शेणही तसेच राहिलेले आढळले. चकमकीच्या दगडाची पाती काढण्याचा एक कारखानाच सापडला. लहान मुलांना मातीच्या भांड्यांत घालून पुरलेले आढळले. ज्या जागी मनुष्य आपले मूल पुरतो, ती जागा त्याच्या दृष्टीने चार दिवसांच्या मुक्कामाची नसते. बुदिहाळ हे नांदते गाव होते आणि गुरांचा वाडा हा त्या गावाचाच भाग होता, असे मानण्यास हा पुरावा पुरेसा आहे.

बुदिहाळच्या उत्खननातील आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेथे एक बांधीव जमीन सापडली. तिच्यावर गुरांच्या हाडांचे असंख्य तुकडे आणि ते फोडण्या-सोलण्याची दगडी हत्यारे जागच्या जागी पडलेली होती. हा गुरे कापण्याचा ओटा होता. दक्षिणेतील हे पहिले गोपालक आपल्या गुरांचे मांस खात असत, आणि तेही चोरून किंवा दुष्काळापुरते नव्हे, तर सामुदायिकपणे, बहुधा काही सणसमारंभांच्या निमित्ताने. आपल्या मनात गोपालक म्हटला की मुरली, दही आणि लोणी यांचे चित्र उभे राहते. त्या चित्रास हा ओटा धक्का देतो. परंतु धक्का बसतो म्हणून पुरावा बाजूला सारता येत नाही. आजची श्रद्धा चार हजार वर्षे मागे नेऊन तेथील लोकांच्या तोंडी घालणे हा इतिहास नव्हे. तसेच त्या ओट्याकडे बोट दाखवून आजच्या श्रद्धेस खोटे ठरविणे हाही इतिहास नव्हे. माणसांच्या भावना काळाच्या ओघात घडतात आणि बदलतात. आपल्या गुरांविषयी त्या लोकांच्या मनात आदर नव्हता असे तर मुळीच दिसत नाही, हे पुढे त्यांच्या चित्रांवरून कळून येईल.

मग दूध? ते हे लोक काढीत होते काय? हाडे दगडासारखी टिकतात, दूध टिकत नाही; म्हणून या प्रश्नाचे उत्तर फार दिवस केवळ अनुमानाने दिले जात असे. अलीकडे मात्र एक नवी वाट सापडली आहे. मातीच्या कच्च्या-पक्क्या भांड्यात दूध किंवा तूप तापविले, की स्निग्धांश खापराच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतो आणि हजारो वर्षे तेथेच राहतो. रसायनशास्त्रज्ञ तो वेगळा काढून दुधाची चरबी आणि मांसाची चरबी यांतील भेद ओळखू शकतात. या रीतीने तुर्कस्तानच्या वायव्य भागात इ. स. पूर्व सातव्या सहस्रकातील खापरांत दुधाचा अंश मिळाल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. पोलंडमध्ये नवाश्मयुगीन शेतकऱ्यांची भोके पाडलेली खापरे पूर्वीच सापडली होती. ती चीज गाळण्याची भांडी असावीत, असा एका संशोधकाचा तर्क होता. त्या खापरांत दुधाचा स्निग्धांश मुरलेला आहे, हे २०१३ साली सिद्ध झाले. आपल्याकडे कच्छमधील कोटडा भाडली या हडप्पाकालीन लहानशा वसाहतीतील खापरांची अशीच तपासणी झाली. इ. स. पूर्व २५०० च्या सुमारास तेथे दूध भांड्यांत शिजविले वा आटविले जात होते, हे २०२० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे बळ्ळारीच्या मुलुखात जेव्हा शेणाचे ढीग जळत होते, जवळजवळ त्याच काळात कच्छमध्ये दुधाची भांडी चुलीवर चढत होती. एकच वंशाची गुरे, तेच पशुपालन. अशा स्थितीत दक्षिणेतील गोपालकांस दुभत्याची विद्या ठाऊकच नव्हती असे मानणे कठीण आहे. त्यांच्या घासून गुळगुळीत केलेल्या करड्या भांड्यांत तोटीची भांडीही आहेत. पातळ पदार्थ बेताने ओतण्याची गरज ज्या घरात असते, तेथेच तोटी निर्माण होते.

येथे शरीरशास्त्राची एक अडचण आहे, आणि ती मनोरंजक आहे. लहान मूल आईचे दूध पचविते, ते आतड्यातील लॅक्टेज नावाच्या पाचक द्रव्यामुळे. बहुतेक मनुष्यजातीत बालपण सरले की हे द्रव्य कमी होते, आणि मग कच्चे दूध पोटात गेले की पोट बिघडते. काही समाजांत मात्र एका जनुकातील फरकामुळे ते जन्मभर टिकते. दोन हजारांहून अधिक भारतीयांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो फरक भारताच्या वायव्येस पुष्कळ आढळतो आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे यावे तसतसा विरळ होत जातो, असे त्यात दिसून आले. युरोपातही, जुन्या सांगाड्यांवरून पाहता, दुभते सुरू झाल्यावर कित्येक सहस्र वर्षे हा फरक दुर्मिळच होता. मग प्रौढ माणसे त्या दुधाचे करीत काय? याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. ते आपल्या माजघरातील शिंक्यावर आहे. दुधास विरजण लागले म्हणजे त्यातील साखर पुष्कळ अंशी आंबून जाते. दही घुसळून लोणी काढले, लोणी कढवून तूप केले, तर तीच गोष्ट आणखी पुढे जाते, आणि शिवाय तूप उन्हाळ्यातही टिकते. सकाळी काढलेले दूध संध्याकाळपर्यंत नासणाऱ्या हवेत दही लावणे हा शोध लागण्यास कोणा विद्वानाची गरज नव्हती. झाकून ठेवलेल्या भांड्याने तो आपण होऊन लावला असेल. त्याचा अर्थ ओळखला तो मात्र घरातल्या बाईने.

दुसरी एक गोष्ट युरोपीय पंडितांच्या सहसा ध्यानात येत नाही. पण ज्यांच्या घरी दावणीला गाय असे, त्यांना ती ठाऊक आहे. पाश्चात्त्य गायींचे दूध वासराविना काढता येते. म्हणून तेथील संशोधक उत्खननात कोवळ्या वासरांची हाडे पुष्कळ मिळाली की दुभत्याचा पुरावा मिळाला, असे समजतात. वासरू मारले, दूध माणसाला उरले, असा तो हिशेब. वशिंडाची गाय मात्र वासरू लुचल्याशिवाय सहसा पान्हा सोडीत नाही. वासरू गेले की गवळी भुसा भरलेले कातडे तिच्यापुढे ठेवून तिला फसवितो, ते याचसाठी. तेव्हा आपल्या मुलुखात दुभते ठेवणाऱ्यास वासरू जगवावेच लागे. त्यांतील खोंड वाढले म्हणजे मग काहींच्या वाट्यास बुदिहाळच्या ओट्याची जागा येई आणि कालवडी खिल्लारात राहत. म्हणजे मांस आणि दूध या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नव्हत्या. एकाच व्यवस्थेचे ते दोन भाग होते. हाडांचे परिणाम वाचताना ही गोष्ट विसरली, तर दक्षिणेतील गुरांचा इतिहास पोलंडच्या मापाने मोजण्याचा प्रमाद घडतो.

आता मुख्य कोडे उरते. शेण का जाळले? शेण ही गरीब शेतकऱ्याची दौलत आहे. ते शेतात जाते, चुलीत जाते, भिंतीस आणि जमिनीस लागते. ज्या समाजाने शेणाचे डोंगर होऊ दिले आणि मग ते पेटविले, त्याच्यापाशी ते गरजेहून पुष्कळच अधिक असले पाहिजे, हे पहिले उत्तर होय. शेतांचे तुकडे लहान, खिल्लारे मोठी, जंगलात सरपण मुबलक. मग खताची आणि गोवरीची किंमत ती काय राहणार? दुसरे उत्तर आरोग्याचे आहे. वर्षानुवर्षे तुडविलेल्या शेणात गोचीड आणि माशा माजतात, रोगराई वाढते. आग लावून वाडा स्वच्छ करणे हा सोपा उपाय. तिसरे उत्तर ऑल्चिन यांनी मांडले. होळी, दिवाळी, संक्रांत अशा सणांत गुरांना अग्नीजवळून किंवा अग्नीवरून नेण्याच्या ज्या चाली दक्षिणेत आढळतात, त्यांचे मूळ या जळत्या गोठणांत असावे, असे त्यांना वाटले. मैसूरच्या बाजूस संक्रांतीच्या संध्याकाळी गवत पेटवून सजविलेली गुरे त्यावरून उड्या मारीत नेतात, हे तर सर्वांस ठाऊक आहे. आणि आपल्याकडेही होळीत गोवऱ्यांचे महत्त्व लाकडाहून कमी नाही.

साम्य म्हणजे पुरावा नव्हे. चार हजार वर्षांत सण कितीदा जन्मतात, मरतात आणि नवे नाव घेतात याची गणती नाही. तरी टेकाडांचे थर पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. आग अपघाताने लागलेली नव्हती; ती ठरावीक अंतराने, पुनःपुन्हा, मुद्दाम लावलेली होती. काच होईपर्यंत शेण वितळावे अशी आग रात्रभर, किंबहुना कित्येक दिवस, धुमसत राहते. सपाट मुलुखात तिचा धूर आणि उजेड दूरच्या वस्त्यांना दिसत असणार. स्वच्छता आणि विधी यांत निवड करण्याचे कारणच काय? जुन्या खेड्यात पोळ्याच्या दिवशी बैल धुतात, ते देवासाठी की बैलासाठी, असे विचारले तर शेतकरी विचारणाऱ्याकडेच चमत्कारिक नजरेने पाहील.

बळ्ळारीजवळ कुपगल येथे काळ्या दगडाची एक लांबच लांब धार टेकडीतून वर आली आहे. तिच्या शिळांवर ठोकून ठोकून काढलेली शेकडो चित्रे आहेत, आणि त्यांत सर्वांत अधिक चित्रे आहेत ती बैलांची. उंच वशिंड, लांब वळलेली शिंगे, सडपातळ देह. चितारणाऱ्याला चार रेषा पुरल्या आहेत, पण वशिंड कोठे चुकलेले नाही. तेथील काही शिळांना वाटीसारखे खळगे पडलेले आहेत. त्यांवर दगडाने आघात केला तर घंटेसारखा नाद निघतो. या नादशिळांची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली होती. पुढे त्या विस्मृतीत गेल्या आणि २००४ च्या सुमारास पुन्हा संशोधकांच्या लक्षात आल्या. ज्यांनी बुदिहाळच्या ओट्यावर गुरे कापली, त्यांच्याच बांधवांनी या धारेवर चढून उन्हात बसून बैल कोरले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

महाराष्ट्रात राखेची टेकाडे नाहीत. परंतु याच काळाच्या उत्तरार्धात आपल्या नद्यांकाठी ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची गावे नांदत होती आणि दक्षिणेकडील लोकांशी त्यांचे दळणवळण होते. मुलांना मडक्यांत पुरण्याची रीत दोहोंकडे आढळते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम उत्खनन केले. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांच्या या कार्याने महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्याचे जीवन जितके तपशीलवार समजले, तितके क्वचितच कोणत्या प्रदेशाचे समजले असेल. तेथे एका घरात मातीच्या डबीत ठेवलेली स्त्रीमूर्ती मिळाली. सोबत एक शिरोहीन स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. बैलाच्या पाठीवर छिद्र असून मूर्ती त्यावर काडीने बसविता येई. इनामगावच्या लोकांनीही गुरे पाळली, खाल्ली आणि पूजिली. पुढे इ. स. पूर्व १००० नंतर हवामान अधिक कोरडे झाले, तेव्हा तेथील मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली आणि शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर भर वाढला, असे ढवळीकरांचे मत आहे. नांगर सोडून पुन्हा कळपामागे जाण्याचा हा प्रवास इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. तेथे मनुष्य नेहमी पुढेच चाललेला असतो.

दक्षिणेतील राखेच्या टेकाडांवर नवे थर चढणे इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास थांबले. लोक नाहीसे झाले नाहीत; टेकड्यांवरील व पायथ्याची गावे नांदतच राहिली, शेती वाढली, नवी धान्ये आली आणि पुढे लोखंडही आले. शेत मोठे झाले की शेणाला मोल येते. ज्याचे पूर्वी डोंगर जाळले, ते आता मातीत जाऊ लागले असावे.

कुडतिनीचे टेकाड आज पूर्वीएवढे राहिलेले नाही. इतर पुष्कळ टेकाडे तर समूळ गेली. राख पिकास चांगली, म्हणून शेतकऱ्यांनी ती गाडीगाडीने भरून शेतात नेली. कोठे रस्ता रुंद करताना ती कापली गेली, कोठे कालवे आल्यावर जमीन सपाट करताना. कुपगलच्या धारेलाही दगडांच्या खाणींनी ग्रासले आहे. चित्रे असलेल्या काही शिळा फुटून खडी झाल्या आहेत. शेतकऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्यास कोणी सांगितलेच नव्हते. उतनूरच्या खुरांचे ठसे ज्या थरात होते, तसे थर जी काही टेकाडे उरली आहेत त्यांत अजूनही असू शकतील. ज्या टेकाडांना अद्याप कोणी हात लावलेला नाही, त्यांतील खापरे जपून काढली, तर तोटीच्या त्या करड्या भांड्यांत काय मुरले आहे, ते कोटडा भाडलीच्या खापरांप्रमाणे तीही सांगतील.